पोलाद खोटं बोलत नाही, पण सालही सांगत नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. हाताने घडवलेल्या चाकूखाली "१९६६" असं एकच साल ठणकावून लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. मग तो विक्रेता असो, संग्राहक असो, नाहीतर या छंदात केस पांढरे केलेले कुणी गुरुजी असोत. बिल, पत्र, ऑर्डरचा कागद असं काही हातात असेल तर गोष्ट वेगळी. पण "मॉडेल अमुक, पोलाद तमुक, म्हणजे साल ढमुक" हे जे सर्रास चालतं ना, ते गणित नाही, ज्योतिष आहे.

आता तुम्ही म्हणाल, चाकू जमवतं कोण? अमेरिकेत भरपूर लोक जमवतात, आणि तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या काही मंडळींनाही हा नाद लागलाय. नाद चांगलाच आहे, पण महाग आहे. आणि यात पैसे नुसत्या पात्याचे मोजत नाहीत, सालाचेही मोजतात. म्हणून साल कसं ठरतं हे विचारायला हवं.

रँडलचंच उदाहरण घ्या. फ्लोरिडातल्या ऑरलँडोचे बो रँडल हे मूळचे संत्र्यांच्या बागा असलेले गृहस्थ. त्यांनी १९३८ मध्ये चाकू बनवायचा धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी त्यांचे चाकू मागवले, पुढे व्हिएतनाममध्येही नेले. मर्क्युरी मोहिमेतल्या अंतराळवीरांसाठीही त्यांनी एक मॉडेल केलं. प्रत्येक मॉडेलला नंबर. मॉडेल १ म्हणजे लढाईचा सर्वोपयोगी चाकू. झालं! नंबर आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, साल आपोआप निघणार.

कसं निघणार? मॉडेल १ दुसऱ्या महायुद्धातला आहे आणि तो आजही बनतो. मॉडेल नंबर सांगतो ती डिझाईनची जन्मतारीख, तुमच्या हातातल्या चाकूची नव्हे. पोलादाचंही तेच. ओ-१ हे रँडलचं दशकानुदशकं नेहमीचं पोलाद. हवं त्याला स्टेनलेस मिळतं आणि त्या पात्यावर वेगळा 'एस' ठोकलेला असतो. म्हणजे "ओ-१ आहे, जुना असणार" हे वाक्य १९६५ च्या चाकूलाही लागू आणि २०१५ च्या चाकूलाही.

आपल्या भाषेत सांगतो. जावाच्या कोडमध्ये जेनेरिक्स दिसली, तर तो कोड २००४ च्या आधीचा नाही हे छातीठोकपणे सांगता येतं, कारण ती जावा ५ बरोबर आली. पण म्हणून तो कोड २००४ चा आहे का? कुणीतरी काल रात्री लिहिलेला असू शकतो! पोलाद अगदी तेवढंच सांगतं. "याच्या आधीचा नाही." बास. त्यापुढचं सगळं बोलणाऱ्याच्या पदरचं.

तेवढंच सांगतं, पण ते काम मात्र जबरदस्त करतं. बॉब लव्हलेस हे या क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव. त्यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या अॅबरक्रॉम्बी अँड फिचमध्ये रँडल घ्यायला गेले, नऊ महिने थांबावं लागेल असं उत्तर मिळालं, तर यांनी स्वतःच चाकू बनवला. पुढे याच लव्हलेसनी १९७२ च्या सुमारास १५४-सीएम हे पोलाद चाकूंच्या जगात आणलं. मूळचं ते जेट इंजिनांच्या भागांसाठीचं. तेव्हा १५४-सीएमचा लव्हलेस कुणी "१९६५ चा" म्हणून दाखवला तर हात जोडून निघून यावं. एस-३०-व्ही दिसलं तर २००१ च्या आधीचं काही ऐकूनच घेऊ नये.

तसंच दमास्कसचं. हा शब्द मुळात दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे दक्षिण भारतात मुशीत तयार होऊन बाहेर जाणाऱ्या वुट्झ पोलादाची जुनी पाती. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर तापवून, ठोकून, एकजीव करून काढलेली नक्षी. हा दुसरा प्रकार आधुनिक अमेरिकन चाकूत रुळला तो बिल मोरन यांच्यामुळे. त्यांनी १९७३ मध्ये नाइफमेकर्स गिल्डच्या प्रदर्शनात तसे चाकू मांडले आणि मग लाट आली. त्यामुळे "१९५८ चा हातघडीचा अमेरिकन दमास्कस" म्हणून कुणी काही पुढे केलं, तर आधी कागद मागावा.

पण एक गंमत बघा. हे सगळं चालतं पोलाद खरंच तेच आहे हे धरून. ते कुणी तपासलं? एक्स-रेवर चालणारी, पिस्तुलासारखी हातात धरायची यंत्रं असतात. धातू ओळखायला भंगारच्या धंद्यातही ती वापरतात. ४४०-सीमध्ये मॉलिब्डेनम एक टक्क्याच्याही आत, १५४-सीएममध्ये चार टक्क्यांच्या आसपास. पात्याला ओरखडाही न पाडता हा फरक कळतो. म्हणजे भंगारवाला जे करतो, ते लाखांचा चाकू विकणारा करत नाही! अर्थात या यंत्रालाही मर्यादा आहेत. कार्बन त्याला दिसत नाही. आणि १५४-सीएम व नंतर वापरात आलेलं जपानचं एटीएस-३४ यांची घडण इतकी सारखी, की यंत्र दोघांत निवाडा करू शकत नाही. पाणी कसं दिलंय हे तर आकड्यांतून मुळीच कळत नाही. पण निदान थाप तरी पकडता येते.

मग साल काढायचंच नाही का? काढायचं की! पण सगळे पुरावे एकत्र ठेवून. पात्यावरचा शिक्का बघा. लव्हलेसच्या शिक्क्यात गाव असतं, आणि स्टीव्ह जॉन्सन त्यांच्याबरोबर काम करत त्या काळातल्या पात्यांवर दोघांची नावं. रँडलची म्यानं महायुद्धानंतर बरीच वर्षं डेन्व्हरच्या हायझरकडून येत, १९६० च्या दशकात मॉरिस जॉन्सन ती शिवू लागले, नंतर सलिवन. टिचबटण लहान की मोठं, चामड्याची खरखरीत बाजू कुठे आहे, खिशातला धार लावायचा दगड कोणता, यावरूनही काळ ठरतो. हे ज्ञान जमवणाऱ्या लोकांबद्दल मला आदरच आहे. मात्र म्यान बदलता येतं हे विसरू नका. जुनं म्यान आणि नवा चाकू यांचं लग्न लावणारे भटजी कमी नाहीत :)

आता मुद्द्यावर येतो. माझ्या टीममधल्या एकाने मध्यंतरी एका चाकूची जाहिरात दाखवली. विक्रेता कोण ते जाऊ द्या. रँडल, ओ-१, "व्हिएतनाम, १९६६", मुठीवर कुणा सैनिकाची आद्याक्षरं. पुरावा? मॉडेल आणि पोलाद. आद्याक्षरं तर कुणीही कधीही कोरू शकतो. त्या एका "व्हिएतनाम" शब्दावर किंमत चढवलेली. मला राग पैशांचा नाही आला. एखादा पोरगा खरोखर असा चाकू कमरेला लावून तिकडे गेला असेल, कदाचित परतही आला नसेल. त्याची गोष्ट उचलून, एखाद्या मासे साफ करण्यापलीकडे काही न केलेल्या चाकूला चिकटवायची आणि तिचे डॉलर करायचे, याला छंद म्हणत नाहीत. याला चोरी म्हणतात.

आणि ही चोरी तिथेच थांबत नाही. आज अंदाजाने "१९६६" लिहिलं, की उद्या दुसरा माणूस आपला चाकू त्याच्याशी ताडून "हाही १९६६ चाच" म्हणतो. परवा तिसरा ते दोन्ही दाखले देतो. मूळ अंदाज कुणाचा, हे कुणालाच आठवत नाही. विचारायला जावं तर माणसं उरलेली नाहीत. रँडल १९८९ मध्ये गेले, मोरन २००६ मध्ये, लव्हलेस २०१० मध्ये. आता जे चुकीचं लिहिलं जाईल, ते दुरुस्त करायला कुणी येणार नाही.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, "जाणकाराची नजर असते हो." असते ना, नाही कोण म्हणतं? पण त्या नजरेला काय दिसलं ते लिहा. मुठीचा आकार? पातं घासल्याची रेषा कुठे संपते ते? लिहिलंत तर दुसरा ते तपासू शकतो. नुसतं "मला कळतं" म्हणणं म्हणजे टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनला टाकण्यासारखं आहे. दुसरं उत्तर, "छंदच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" ठीक आहे, मग किंमतही छंदाचीच लावा. पैसे पुराव्याचे आणि जबाबदारी छंदाची, हे जमायचं नाही.

माझी मागणी साधी आहे. साल नको, कालखंड लिहा. "१९६३ ते १९७२ च्या दरम्यान" म्हणा आणि कशावरून ते पुढच्याच ओळीत सांगा. पोलाद यंत्राने तपासलं की नुसतं ऐकलंय, तेही सांगा. म्यान मुळातलं की नंतर मिळवलेलं, ते सांगा. पातं घासून, पॉलिश करून चकचकीत करू नका, कारण शिक्का आणि घासल्याच्या रेषा त्याच पॉलिशमध्ये जातात. सैनिकाचं नाव असेल तर त्याच्या घरचा कागद दाखवा, नाहीतर नाव घेऊ नका.

आणि विकत घेणाऱ्या मित्रांनो, एवढं विचारल्यावर जो विक्रेता चिडतो, त्याला पैसे देऊ नका. ते पैसे घेऊन थेट चाकू बनवणाऱ्याकडे जा. रँडलकडे ऑर्डर दिली तर काही वर्षं थांबावं लागेल, पण तुमच्या चाकूचं साल तुमच्याच नावाच्या बिलावर असेल. ते बिल तेवढं जपून ठेवा!