"मनी शे, सर!"

फर्स्ट इयरचं दुसरंच प्रॅक्टिकल. सरांनी टेबलावर पडलेली एक जर्नल फाईल वर धरली आणि विचारलं, "ही कोणाची?" मागच्या बाकावरून एक मुलगा धडपडत उठला आणि म्हणाला, "मनी शे, सर!" झालं! कोणीतरी ओरडलं, "किती मनी शे रे?" आणि अख्खी बॅच खो खो हसत सुटली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तो खाली मान घालून फाईल घेऊन गेला. त्या सेमिस्टरमध्ये त्याने वर्गात पुन्हा तोंड उघडलेलं मला तरी आठवत नाही.

गंमत म्हणजे हसणारी मी धुळ्याची! आमच्या घरी आजी अहिराणी बोलते. पण माझ्याशी नाही. माझ्याशी ती मराठीच बोलते, तीही जरा जपून, पाहुण्यांशी बोलावं तशी. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथं मराठी बोललं तरी दंड, मग अहिराणीचं नाव कशाला काढता! त्यामुळे 'मनी' म्हणजे मला एक तर पैसे माहीत, नाही तर मांजर. 'मनी' म्हणजे 'माझी', हे मला विसाव्या वर्षी, जळगावच्या होस्टेलमध्ये कळलं.

शिकवलं माझ्या रूममेटने. ती साक्री तालुक्यातली. मी तिला म्हटलं, "मला अहिराणी शिकव." ती म्हणाली, "क्रियापदांच्या नादी आत्ताच लागू नको. आधी 'कोणाचं काय' ते शिक." आणि खरंच आहे! होस्टेलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरं चालतं काय? बादली कोणाची, चार्जर कोणाचा, ताट कोणाचं...

तर मित्र-मैत्रिणींनो, तिचा पहिला धडा जसाच्या तसा देते. माझा म्हणजे मना, तुझा म्हणजे तुना, त्याचा म्हणजे त्याना, तिचा म्हणजे तिना. आमचा म्हणजे आमना, तुमचा म्हणजे तुमना, त्यांचा म्हणजे त्यासना. आणि 'कोणाचा?' म्हणजे कोना? काही गावांत यात हलकासा 'ह' ऐकू येतो, मन्हा, तुन्हा असा. 'आपला' मात्र आपलाच राहतो.

आता ज्याच्याबद्दल बोलतोय त्या वस्तूचं लिंग बघायचं. हाऊ मना चार्जर शे. हाई मनी बादली शे. हाई मनं ताट शे. मी पहिले दोन दिवस जोशात 'मना बादली', 'मना ताट' करत फिरत होते. सगळ्या मुली हसून हसून लोळल्या. तेव्हा मला लॅबमधला तो मुलगा आठवला. फरक एवढाच की मी शिकताना चुकले म्हणून त्या हसल्या. तो तर चुकलाच नव्हता! फाईल स्त्रीलिंगी, म्हणून 'मनी'. त्याचं व्याकरण शंभर टक्के बरोबर होतं. चुकलो आम्ही.

पुढचा नियम तर इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेलच. मराठीत 'घर'चं आधी 'घरा' करा, मग 'चं' लावा, तेव्हा 'घराचं दार' होतं. अहिराणीत 'घर' जसंच्या तसं ठेवायचं आणि 'नं' लावायचं. घरनं दार, बापना खिसा, गावनी वाट. 'माझ्या घरात' म्हणायचं तर 'मना घरमा'. अनेक जण असतील तर मध्ये एक 'स' येतो, म्हणजे लोकांचा तो लोकेसना. इंग्लिश मीडियमच्या मुलांना मराठीचं सामान्यरूप किती छळतं ते मलाच विचारा. इथे ते बऱ्याच ठिकाणी लागतच नाही! मग अशुद्ध कोण आणि शुद्ध कोण?

हा 'ना-नी-नं' आला कुठून? शेजारच्या गुजरातीत बघा, तिथं 'नो-नी-नुं' आहे. 'घरमा'मधला 'मा'सुद्धा गुजरातीला जवळचा. तापीच्या काठाने सुरत-भुसावळ रेल्वे जाते, आपले कितीतरी लोक पोटापाण्यासाठी सुरतेत राहतात, त्यात नवल ते काय! म्हणजे अहिराणी ही 'बिघडलेली मराठी' नाही, तिची स्वतःची घडण आहे. आणि हो, जळगाव जिल्हा म्हटला की सगळीकडे अहिराणीच असं समजू नका. रावेर, यावल, भुसावळकडच्या लेवा गणबोलीत हा 'मना' चालत नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंची (१८८०-१९५१) बोली त्या बाजूची. एवढ्याशा खान्देशात 'माझं' म्हणायच्याही किती तऱ्हा!

ग्रिअर्सन नावाच्या साहेबाने भारतातल्या भाषांची पाहणी केली होती. १९०७ साली निघालेल्या तिच्या एका खंडात त्याने खान्देशीला मराठीत न घालता भिल्ली भाषांबरोबर ठेवलं. भाषा की बोली हा वाद विद्वानांनी घालावा. मला भावली ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्याने बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत करून घेतली होती, तशी ती खान्देशीतही आहे. ही गोष्ट आम्हाला शाळेत दरवर्षी सांगायचे. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडतो, सगळं उधळतो आणि शेवटी लाजत परत येतो. बाप त्याला जवळ घेतो. मोठा भाऊ मात्र चिडतो. तो बापाशी बोलताना 'माझा भाऊ' म्हणतच नाही, 'तुझा मुलगा' म्हणतो! बाप उत्तर देताना तेवढंच बदलतो, 'तुझा भाऊ' म्हणतो. 'तुना आंडोर' विरुद्ध 'तुना भाऊ'. (आंडोर म्हणजे मुलगा.) सगळी गोष्ट त्या एका सर्वनामावर फिरते. शाळेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अहिराणी शिकताना आलं.

आपणही तेच करतो. 'ती त्यांची भाषा', 'ती गावाकडच्यांची भाषा', 'ती आजीची भाषा'. 'आमनी बोली' कोणी म्हणतच नाही. गॅदरिंगला अहिराणी गाणं लागलं की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणी 'शे' म्हणालं की तेच सगळे हसतात. नाचायला आपली, बोलायला त्यांची!

याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. जनगणनेत अहिराणी 'खान्देशी'त मोजली जाते. २००१ मध्ये खान्देशी बोलणारे होते २०,७५,२५८. २०११ मध्ये ते झाले १८,६०,२३६. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त कमी! मी बाबांना विचारलं, २०११ ला आपल्या घरी मातृभाषा काय लिहिली होती? बाबा म्हणाले, "मराठी. सगळ्यांची." "आजीचीही?" "हो, आजीचीही." आता दोन लाख माणसांचं सगळं कारण काही आमच्या घरात नाही. पण थोडंसं तरी आमच्या घरात आहे.

कोणी म्हणेल, कॅम्पस इंटरव्ह्यूला अहिराणी विचारणार आहेत का? नाही विचारणार. इंग्रजी आलीच पाहिजे, प्रमाण मराठीही नीट आली पाहिजे, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण एक शिकायची तर दुसरी लपवायची हा नियम कोणी केला? आपल्या मुलींना गाठ पडली तर जर्मन शिकायची हौस आहे, त्यासाठी क्लासला फी भरायचीही तयारी आहे. इथं तर शिकवणारी शेजारच्या कॉटवर झोपते, तीही फुकट! आणि ज्याला घरची भाषा बोलायची लाज वाटायला लावली, तो इंटरव्ह्यूला परक्या भाषेत छाती पुढे काढून बोलेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

सर आणि मॅडमनाही एक नम्र विनंती. व्हायव्हात उत्तर बरोबर असेल आणि तोंडून एखादा 'शे' निसटला, तर वर्ग हसायच्या आत तुम्ही "बरोबर आहे, पुढे बोल" एवढंच म्हणा. त्या दिवशी कोणी तसं म्हणालं असतं तर तो मुलगा सेमिस्टरभर गप्प राहिला नसता.

शिकल्यावर मी पहिला प्रयोग मेसमधल्या मावशींवर केला. पोळी वाढून घेताना विचारलं, "मावशी, तुमनं गाव कोनतं शे?" मावशींचा हात थांबला. म्हणाल्या, "मनं पारोळा, माय. तुनं?" दोन वर्षं रोज त्यांच्या हातचं जेवतेय, त्यांचं गाव मला त्या दिवशी कळलं.

दुसरा प्रयोग आजीवर. फोन लावला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आजी, मनी तब्येत चांगली शे. तुनी कशी शे?" पलीकडे एकदम शांत. मग, "तुले कोनी शिकाडं व?" मला कोणी शिकवलं म्हणून विचारत होती. मी रूममेटचं नाव सांगितलं. आजी हसली आणि लगेच मराठीवर आली, "राहू दे गं, तुझं इंग्रजी बिघडेल."

वाईट वाटलं. तिचा काय दोष? आयुष्यभर तिने हेच ऐकलं असणार. पण मीही आता हट्टाला पेटलेय. दर रविवारी फोन करते आणि अहिराणीतच सुरुवात करते. आजी अजून अर्धं मराठीत बोलते, अर्धं अहिराणीत. चालेल.

त्या फाईलवाल्या मुलाला मात्र मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. हा अंक त्याच्या हाती पडेलच, तेव्हा इथेच म्हणते. भाऊ, चूक मनी शे. तुनी नव्हती.