अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणत्या पंचांगातला?

गेल्या फेब्रुवारीत चार तारखेच्या रात्री मिरजेच्या माझ्या खालाला धाप लागली. ती एकटी राहते. तिनं मला फोन लावला, तर पलीकडून एक रेकॉर्ड केलेली बाई रिचार्ज संपल्याचं सांगत राहिली. दोन-तीनदा तेच. शेवटी खालानं भिंतीवर तांब्या आपटून शेजारणीला उठवलं. अल्लाहच्या कृपेनं निभावलं. सकाळी मी पोहोचलो तेव्हा तिला आजारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कोडं पडलं होतं. ‘बेटा, सात तारखेला पोराचा पगार आला तसा रिचार्ज मारला. आज पाच. महिना कुठं भरलाय?’

खालाचा हिशेब चुकला नव्हता. तिला विकलेला महिना २८ दिवसांचा होता.

हा महिना आला कुठून? आपला हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. २९ तारखेला चाँद दिसला नाही, तर तीस पूर्ण करायचे, हा नियम शेठलाही तोच आणि हमालालाही तोच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, पण त्यात कुणाची फसवणूक होत नाही. चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असतं, हे पोरंटोरंही जाणतात. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या पंचांगात साधारण तीन वर्षांनी धोंडा महिना येतो, तोही आधी छापून येतो. इंग्रजी महिन्यांत २८ चा फक्त फेब्रुवारी, तोही दर चौथ्या वर्षी २९ चा होतो. म्हणजे २८ दिवसांचा कायमचा महिना ना चंद्राचा, ना सूर्याचा. तो फक्त मोबाइल कंपनीचा.

हिशेब मांडून पाहू. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्ष काढायला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. रिचार्ज ३०० रुपयांचा धरला, तर बारा महिन्यांचे ३६०० होतात, भरावे लागतात ३९००. यांच्या पंचांगात धोंडा महिना दरवर्षी येतो. तिमाही म्हणून खपवल्या जाणाऱ्या ८४ दिवसांच्या प्लॅनचंही तेच. असे चार घेतले की ३३६ दिवस होतात. उरलेल्या २९ दिवसांचे पैसे वेगळे.

पैशाहून मोठं नुकसान तारखेचं आहे. १ जानेवारी २०२५ ला रिचार्ज केलेल्या माणसाची पुढची तारीख २९ जानेवारी, मग २६ फेब्रुवारी, मग २६ मार्च, मग २३ एप्रिल. पगार मात्र सात तारखेचा सातलाच होतो. रिचार्जची तारीख मागे मागे सरकत महिनाअखेरीस येते, नेमकी तेव्हा, जेव्हा कष्टकऱ्याच्या घरात रॉकेलच्या बाटलीइतकाच खिसाही कोरडा असतो. फोन बंद म्हणजे आज नुसतं बोलणं बंद होत नाही. ठेकेदाराला उद्याच्या कामाचं विचारता येत नाही, पोराचा ऑनलाइन अर्ज अडकतो, रात्री खालाला धाप लागते.

कंपन्यांच्या बाजूनं दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, चार आठवड्यांचा हिशेब ठेवला की वार तोच राहतो. कबूल. मग त्याला ‘चार आठवड्यांचा प्लॅन’ म्हणा, कुणाची हरकत नाही. दुसरी, २८ दिवस असं स्पष्ट छापलेलं असतं. छापलेलं असतं, पण काउंटरवर ‘महिन्याचा मारू का?’ असंच विचारलं जातं. किराणा दुकानदारानं ९२० ग्रॅमची पुडी किलो म्हणून दिली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ९२० लिहिलं, तर आपण त्याला सोडू का? त्याच्या तराजूवर सरकारी शिक्का लागतो. महिन्याच्या मापावर शिक्का कुणी मारायचा?

त्याच कंपनीच्या पोस्टपेड ग्राहकाला मात्र महिन्याला एक बिल येतं. वर्षाला बारा, तारीख ठरलेली. आधी वापरून नंतर पैसे देणाऱ्याचं वर्ष बारा महिन्यांचं, आणि आधी पैसे मोजणाऱ्या गरिबाचं तेरा महिन्यांचं! म्हणजे संगणकाला तारीख पाळता येते. प्रीपेडवाल्यासाठी ती पाळायची नाही, एवढंच ठरलेलं आहे.

जानेवारी २०२२ मध्ये ‘ट्राय’नं आदेश काढला. प्रत्येक कंपनीनं ३० दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारे प्लॅन किमान एकेक तरी ठेवावेत. ती तारीख त्या महिन्यात नसेल, तर महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. आदेश चांगला आहे, पण ‘किमान एक’ या दोन शब्दांत त्याचा जीव अडकला. एक ठेवला की आदेश पाळला. खालाच्या दुकानदारानं तिला तो कधी दाखवला नाही. मी विचारलं, तेव्हा त्यालाही शोधावा लागला.

म्हणून मागणी साधी आहे. ‘महिना’ हा शब्द वापरायचा असेल, तर तारीख तीच हवी; बाकी सगळ्यांना दिवसांनी किंवा आठवड्यांनी ओळखा. रिचार्ज होताच शेवटची तारीख ग्राहकाच्या भाषेत कळवा, आणि संपण्याआधीही कळवा. खालाला आलेला संदेश इंग्रजीत होता. तिला उर्दू वाचता येते, मराठी वाचता येते.

आणि आपणही एक करू. पुढच्या वेळी काउंटरवर ‘महिन्याचा मारा’ म्हणू नका. ‘त्याच तारखेचा प्लॅन कोणता?’ असं विचारा, आणि नसेल तर का नाही, हेही विचारा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनची शेवटची तारीख आज रात्रीच बघून ठेवा. खालाच्या दारामागच्या कॅलेंडरवर मी ती लाल पेनानं लिहून आलोय.