जेसीबीच्या आधी ओढ्यातला दगड उलटून बघा



परवा मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला कचरा अडकला म्हणून ओढ्यात उतरलो. एक दगड उचलला तर खालच्या अंगाला चपटे, करडे, बोटाच्या नखाएवढे किडे चिकटलेले. मागे केसासारख्या तीन शेपट्या. दगड पाण्याबाहेर आला तरी सोडेनात. ही मेफ्लायची पिल्लं. आमच्या पाटणकडे त्यांना वेगळं नाव नाही. मोठी होऊन बल्बवर आली की सगळी नुसती 'पाखरं'.

बल्बवर दिसतं ते त्यांचं शेवटचं एक-दोन दिवसांचं, कधी काही तासांचंच आयुष्य. तेव्हा खायला कामाचं तोंडही नसतं. त्याआधीचे कित्येक महिने सगळे पाण्यात जातात. आणखी एक गंमत, उडते पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक हा एकटाच. सकाळी भिंतीवर पांढरी पातळ सालं दिसतात ना, त्यातली बरीच यांची.

त्या दिवशी मोटार राहिली बाजूला, तासभर मी दगडच उलटत बसलो. खळाळत्या पाण्यात चपटे. जरा संथ जागी माशाच्या पिल्लासारखे सुळकन पळणारे. कुजक्या पाल्यात वेगळेच. वाळूत बीळ करून राहणारेही असतात. म्हणजे जागा बदलली की जात बदलते. भारतात यांच्या १५० हून जास्त जाती नोंदल्यात आणि त्यातलं बरंच काम तमिळनाडूच्या बाजूच्या घाटांत झालंय. तिथल्या कुट्रालमच्या नावावरून १९८४ साली एका जातीचं नावही ठेवलं गेलं. आपल्या ओढ्यांवर आधी पोचतो तो जेसीबी.

खालच्या वस्तीवर तीन वर्षांपूर्वी खोलीकरण झालं. विहिरींना पाणी वाढलं, खोटं कशाला बोलू. मी पण वर्गणी दिली होती. पण तिथं आता तळ सपाट, दगड काठावर ढीग मारून टाकलेले आणि वर गाळाचा थर. परवा मुद्दाम जाऊन बघितलं. चपटे नाहीत, पळणारे नाहीत. गाळात तग धरणारी एक बारकी जात तेवढी सापडली. चपट्यांना धरायला दगड लागतो आणि कल्ल्यांना वाहतं पाणी. ते दोन्ही आपण उचलून काठावर टाकलं. मासे कमी झाले म्हणून जे ओरडतात त्यांनी माशांचं खाणं कुठं गेलं ते बघावं.

माझं पण सांगतो. इमिडाक्लोप्रिड मारून झालं की पंप मी वर्षानुवर्षं ह्याच ओढ्यात धुतला. ह्या पिल्लांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. युरोपीय संघानं २०१८ मध्ये त्याचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मुख्यतः मधमाश्यांसाठी. पंप आता बांधावर, ओढ्यापासून लांब धुतो. उशिराच सुचलं.

वरच्या ओढ्याचं खोलीकरण येत्या उन्हाळ्यात धरलंय. माझा कामाला विरोध नाही. ग्रामसभेत एवढंच मागणार आहे, की जांभळाच्या वळणापासून वरचा दगडाळ तुकडा तसाच ठेवा, तिथं बकेट लावू नका. खालच्या डोहात हवं तेवढं खोल करा. पारावर बोललो तर दोघं हसले, "किड्यांसाठी व्हय?" व्हय, किड्यांसाठीच.

तुमच्या ओढ्यात दगडाखाली काय निघतं त्याचा फोटो पाठवा. दगड मात्र होता तसा परत ठेवा.