पाणी कमी घाला!

माझी सारी हयात ट्रॉम्ब्यात गेली. तिथे १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना घरी वाइन करणं हा गुन्हा, आणि मे महिन्याच्या उकाड्यात पिंपातल्या वाइनचं जे होईल तो दुसरा! त्यामुळे या विषयातली माझी मुंज लागली ती टोरांटोला, जावयाच्या तळघरात. तिकडे स्वतःपुरती वाइन घरी करायला कायद्याची ना नाही. स्वस्तातल्या पांढऱ्या वाइनचा तयार खोकाच मिळतो. द्राक्षरसाचा अर्क, यीस्ट, चार पुड्या. पाणी घालून २३ लिटर करा म्हणतात.

जावईबापूंनी वर साखरही घातली. "बाबा, कडक होईल!" झाली. चव मात्र पेला विसळल्या पाण्याची.

या साखरवाल्यांशी माझं भांडण आहे. पाहुणे वाढले की आमटीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि वर तिखट घालायचं, त्यातलाच हा प्रकार. साखरेची दारू होते हो, द्राक्षं होत नाहीत! पाणीच कमी घाला. २० लिटरवर थांबा. पाव किलो बेदाणे गरम पाण्यात धुऊन, चिरून सुरुवातीलाच टाका. पातळपणा जरा जातो. १८-२० अंशांवर सावकाश फसफसू द्या आणि बाटल्या भरल्यावर तीन महिने हात लावू नका.

"पण बाबा, चार बाटल्या कमी भरतील!"

म्हणजे चार बाटल्यांच्या हव्यासापायी उरलेल्या सव्वीस नासवायच्या!

अखेर २० लिटरवर तह झाला. तळघराची किल्ली मी मुलीकडे दिली.