शाळेचा पैसा पटावरच का मोजायचा?

धाराशिव जिल्ह्यात सरकारचा पैसा शाळेपर्यंत तीन वाटांनी पोचतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते आणि खडूपासून वीजबिलापर्यंतचा बाकीचा खर्च मुख्यत्वे समग्र शिक्षा योजनेच्या वार्षिक अनुदानातून भागवायचा असतो. खासगी अनुदानित हायस्कुलात इमारत आणि कारभार संस्थेचा, पगार मात्र सरकारचा. तिसरी वाट विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांची. त्या फीवर चालतात, पण शिक्षण हक्क कायद्याने राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांवरच्या मुलांची फी सरकारने परत करायची असते. वाटा वेगळ्या असल्या तरी माप एकच आहे, ते म्हणजे पट. जितकी मुले, तितके शिक्षक, तितका निधी. हा हिशेब शहरात चालून जातो. वाशी, भूम, परंडा, कळंबच्या वाड्यावस्त्यांवर मात्र याच हिशेबाने शाळा मोडकळीला येतात, आणि तो बदलल्याशिवाय सरकारी विरुद्ध खासगी हा नेहमीचा वाद घालून काहीच हाती लागणार नाही.

एका लहान शाळेचा वर्षाचा खर्च पाहू. समग्र शिक्षेच्या निकषानुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये मिळतात. ३० ते १०० पटाला २५ हजार, १०० ते २५० पटाला ५० हजार. दहा हजारांतले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्या नऊ हजारांत, म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपयांत, खडू, हजेरीपत्रके, वीजबिल, नळाची तोटी, पावसाळ्यात गळणारा पत्रा आणि बंद पडलेला संगणक. पट निम्मा झाला म्हणून छप्पर निम्मे गळत नाही आणि विजेचा स्थिर आकारही निम्मा होत नाही. शाळेचा बराचसा खर्च मुलांच्या संख्येवर ठरत नाही, शाळा उघडी ठेवण्यावर ठरतो. म्हणून लहान गावातला मुख्याध्यापक दरवर्षी लोकवर्गणी मागत फिरतो, आणि ज्या गावात वर्गणी देण्याची ऐपत कमी, तिथली शाळा सर्वांत आधी मागे पडते. खासगी शाळेतल्या राखीव जागेसाठी राज्याने एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७ हजार ६७० रुपयांचा दर ठरवला होता. त्यात शिक्षकांच्या पगाराचा वाटा धरलेला आहे, त्यामुळे थेट तुलना करणे रास्त नाही. तरीही एका मुलाचा परतावा तीस मुलांच्या शाळेच्या वर्षभराच्या अनुदानापेक्षा मोठा निघावा, हा आकडा धोरण ठरवणाऱ्यांना अस्वस्थ करायला हवा.

शिक्षकांचीही तीच गत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक सांगितला आहे, म्हणजे विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे या तिन्हींना माणूस मिळावा. कायद्याने पट कितीही कमी असला तरी हा पाया धरला आहे. संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तो उखडला. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की नियमित शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही. मग गणिताला शिक्षक नाही म्हणून पालक दाखला काढतात, पट आणखी घसरतो आणि पुढच्या संचमान्यतेत तोच घसरलेला पट शाळेविरुद्धचा पुरावा होतो. ‘जिल्हा परिषदेच्या शाळांना मुलेच मिळत नाहीत’ असे म्हणताना हा क्रम कोणी तपासत नाही.

या जिल्ह्यात पटाचा आकडाच मुळात अस्थिर आहे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्यानंतर काही आठवड्यांत गाळप हंगाम सुरू होतो आणि बालाघाटाच्या गावांतून ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. सोबत मुलेही जातात. त्यांना आजी-आजोबांपाशी गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती चांगली आहे. पण मंजुरीचा कागद टोळी निघण्याआधी आला तरच तिचा उपयोग, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर फडावर पोचल्यावर आलेला निधी कागदावरच राहतो. नीती आयोगाने २०१८ साली हा जिल्हा आकांक्षित ठरवला. राज्यातल्या अशा चार जिल्ह्यांत नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोलीसोबत त्याचे नाव आहे. त्या मूल्यमापनात शिक्षणाला ३० टक्के भार आहे, आणि शाळेत वीज, पिण्याचे पाणी, मुलींचे स्वच्छतागृह आहे का, हे त्यात तपासले जाते. ज्या गोष्टींचे गुण मोजायचे, त्यांच्यासाठी महिन्याला साडेसातशे रुपये द्यायचे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की सरकारी शिक्षकाचा पगार मोठा आहे, लहान शाळेत दर मुलामागचा खर्च खासगी शाळेहून जास्त पडतो, तेव्हा पैसा थेट पालकांच्या हाती द्यावा आणि शाळा त्यांनी निवडावी. धाराशिव, उमरगा किंवा तुळजापूर शहरात हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण अठरा मुलांच्या वस्तीवर खासगी शाळा कोणी काढत नाही, कारण फीच्या जोरावर ती उभी राहूच शकत नाही. तिथल्या पालकाच्या हातात दिलेला पैसा शाळेऐवजी व्हॅनच्या भाड्यात जाईल, आणि लांब पाठवायची वेळ आली की मुलीचे नाव आधी कमी होईल. दुसरा आक्षेप समूह शाळांचा. पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारच्या तोरणमाळचे दाखले दिले जातात. जिथे रस्ता बारमाही आहे आणि बस रोज येते, तिथे चार लहान शाळा एकत्र करून चांगली शाळा करायला हरकत नसावी. मात्र बसचा खर्च शाळेच्या कायमच्या अंदाजपत्रकात आधी मांडा, शाळा नंतर बंद करा. आज उलटे होते.

खासगी शाळांवर अन्याय करा, असे मी म्हणत नाही. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर शाळांना परवानग्या दिल्या, २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला, २० टक्के अनुदानाचा पहिला टप्पा २०१६ मध्ये आला, आणि पुढच्या टप्प्यांसाठी शिक्षक वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसत राहिले. राखीव जागांचा परतावाही थकत गेला. त्यावर उपाय म्हणून सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतूनच सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. देणे थकले म्हणून गरिबाच्या मुलाचा प्रवेश बंद करणे चूकच होते. सरकारने परतावा शैक्षणिक वर्षातच द्यावा. त्याच वेळी सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने पदे, मान्यता आणि जमाखर्च उघड मांडावा. २०२५ मध्ये नागपुरात उघड झालेल्या, शिक्षकांच्या पगार प्रणालीतल्या शालार्थ आयडी घोटाळ्यात बोगस शिक्षकांच्या नावाने पगार निघत होते. पगाराची यादी फक्त कार्यालय आणि संस्थाचालक यांनाच दिसत असेल, तर दुसरे काय होणार?

तिजोरीत पैसा नाही, हा शेवटचा आणि सर्वांत जुना आक्षेप. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, म्हणून प्राथमिक शिक्षणाला आधी पैसा द्या, अशी त्यांची मांडणी होती. ऊसतोड कामगारही आज बाजारातल्या प्रत्येक खरेदीवर कर भरतो. त्याच्या गावातल्या शाळेला पट न पाहता खर्चाची एक किमान रक्कम मिळावी, तिच्यावर मुलांमागे वाढीव निधी द्यावा, आणि सहावी ते आठवीला तीन शिक्षकांचा पाया परत आणावा. शिक्षकांबाबत नवा कायदाही करावा लागणार नाही. कायदा २००९ चाच आहे, राज्याने मार्च २०२४ मधला आपला शासन निर्णय त्याला जुळवून घेतला तरी पुरे.