सहल रविवारी की बुधवारी?



गेल्या डिसेंबरात माझ्या मुलीच्या शाळेची सहल एका मोठ्या करमणूक उद्यानात गेली. वार होता रविवार. पहाटे सहाला निघालेली मुले रात्री दहाला परतली. एवढ्या वेळात मुलीच्या वाट्याला तीन खेळ आले, आणि तिन्ही मिळून दहा मिनिटेसुद्धा भरली नसतील. बाकीचा दिवस रांगेत गेला. ती मला म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी आपण बुधवारी गेलो होतो, तेव्हा पाच-पाच मिनिटांत नंबर लागत होता. आज गर्दी फार तर दीडपट होती. मग रांगेतला वेळ दहापटीहून जास्त कसा झाला?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. आपण त्याचे उत्तर हिशेबानेच काढू.

समजा, रोलर कोस्टरच्या गाडीत २४ माणसे बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला ७२० माणसांची सोय झाली. बुधवारी तासाला ६०० माणसे येतात. येणारे कमी, जाणारे जास्त. म्हणून रांग साचत नाही. मधूनच एखादा घोळका आला तर पाच-दहा मिनिटे थांबावे लागते, इतकेच. रविवारी तासाला ९०० माणसे येतात. त्यांतील ७२० जातात, १८० उरतात. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत, चार तासांत, ७२० माणसे साचतात. त्या वेळी शेवटी उभा राहणाऱ्याला पूर्ण एक तास थांबावे लागेल. गर्दी दीडपट, पण वाट पाहणे कैकपट!

गंमत अशी की, दोननंतर गर्दी बुधवारइतकी उतरली तरी रांग लगेच संपत नाही. आता तासाला फक्त १२० माणसे कमी होणार. ७२० माणसांची रांग संपायला सहा तास लागतील. तोवर उद्यान बंद व्हायची वेळ येते. नळाखालची बादली एकदा भरून वाहू लागली की नळ थोडा बारीक करून भागत नाही, तसेच हे आहे.

रांगांचे हे शास्त्र करमणुकीतून जन्मलेले नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या कॉलांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९६१ साली जॉन लिट्ल यांनी एका सोप्या नियमाची सिद्धता दिली: रांगेतील सरासरी माणसे म्हणजे माणसे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. एस. टी. स्थानकाच्या तिकीट खिडकीवर तुम्हीही अंदाज बांधून पाहा. पाच मिनिटांत किती माणसे पुढे सरकली ते मोजा, आणि तुमच्या पुढे किती आहेत ते मोजा. आपला नंबर केव्हा लागेल ते घड्याळ लावून सांगता येईल.

आता माझे मत स्पष्टच सांगतो. शाळांनी अशा ठिकाणी सहली रविवारी नेऊ नयेत. कारण केवळ तुमची सोय एवढेच नाही. आपल्या उदाहरणात भरलेल्या रांगेत शिरणारा प्रत्येक जण मागच्या प्रत्येकाचे पाच सेकंद घेतो. एका शाळेची २०० मुले एकदम उभी राहिली, की मागच्या प्रत्येकाचे १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे गेली. आणि मागे उभे कोण असते? ज्यांना रविवारखेरीज सुट्टीच नाही अशी कुटुंबे. दिवस निवडण्याची मोकळीक शाळेला आहे, त्यांना नाही. मोकळीक ज्याला असते त्याने वाट सोडावी.

"अभ्यासाचा दिवस बुडतो," असे शिक्षक म्हणतील. तो बुडालेला दिवस एका शनिवारी भरून काढता येतो. रांगेत गेलेला भरून काढता येत नाही. "सगळेच बुधवारी गेले तर?" असेही कोणी विचारील. ही शंका रास्त आहे. सहलींच्या हंगामात पाच शाळा एकाच बुधवारी आल्या तर तोही रविवारच झाला. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर वारांचा फरक फारसा उरत नाही. शिवाय गर्दी कमी म्हणून दोन गाड्यांऐवजी एकच गाडी चालवली, तर सोयही निम्मी होते. म्हणून आधी फोन करून विचारावे: त्या दिवशी किती शाळा येणार आहेत? कोणते खेळ बंद असतील?

खरा उपाय वार बदलणे हा नसून भार वाटून घेणे हा आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागातील अनेक कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते. विजेची मागणी आठवड्यात वाटली जावी, हा त्यामागचा हेतू. कारखान्यांना जे जमते ते शाळांना का जमू नये?

तेव्हा पुढच्या सहलीचा वार ठरण्यापूर्वी हा हिशेब वहीत मांडा आणि मुख्याध्यापकांना दाखवा. नुसत्या हट्टापेक्षा मांडलेल्या आकड्यांचे वजन जास्त पडते, असा माझा अनुभव आहे.