अट कोठे घालावी?

मराठीच्या अध्यापकांनी एसक्यूएलविषयी लिहावे, हे आमच्या काही मित्रांना खटकेल. परंतु 'जर–तर' ही आमच्या व्याकरणातलीच जोडी. आणि ती कोठे घातली जाते यावर वऱ्हाडात बरेच काही अवलंबून आहे.

अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात 2001 पासून पाचही जिल्ह्यांतील शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. प्रत्येक प्रकरण पात्र, अपात्र किंवा चौकशीसाठी प्रलंबित असते. नापिकी, बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज, आणि त्याचा तगादा, हे निकष 2006 च्या शासननिर्णयात आहेत; त्यात ठरलेली मदत एक लाख रुपये. सोयऱ्याकडून उसने घेतलेले पैसे या चौकटीत बसत नाहीत. मक्त्याने वावर वाहणाऱ्याचे नाव तर सातबाऱ्यावरच नसते.

आता हा तक्ता संगणकाला विचारू. 'व्हेअर'मध्ये 'पात्र' ही अट घातली, की बाकीच्या ओळी मोजणीआधीच बाहेर पडतात. एखाद्या जिल्ह्यात पात्र प्रकरण एकही नसेल, तर तो जिल्हाच उत्तरातून नाहीसा होतो. त्याऐवजी अट 'सम'च्या कंसात न्यावी: 'केस व्हेन' पात्र असेल तर 1, नाहीतर 0, शेजारी अपात्रांचा तसाच रकाना, एकूण ओळींचा तिसरा, आणि 'ग्रुप बाय' जिल्हा. (येथे 'सम'ऐवजी 'काउंट' लिहिले, तर शून्येही मोजली जाऊन सगळेच पात्र ठरतात. तेवढे उदार कोणतेच सरकार नसते!)

खरी गोम कोऱ्या रकान्यात आहे. निर्णय न झाल्याने शेरा रिकामा, म्हणजे 'नल', राहिला, तर ती ओळ 'पात्र' या अटीत येत नाही आणि 'पात्र नाही' या अटीतही येत नाही. रिकाम्याशी केलेली तुलना एसक्यूएल खरी मानत नाही, खोटीही मानत नाही. 'इज नल' असे मुद्दाम विचारल्यावाचून ते घर कोणत्याच बेरजेत दिसत नाही.

मदत द्यायची तर निकष हवेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मदतीचा निकष तोच मोजणीचा निकष, हे मान्य नाही. कोणी एकच आकडा सांगितला, तर उरलेले रकाने मागावेत.

ग्रामीण कादंबरीवरील प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात असा एक आकडा हमखास असतो. तो कोणत्या अटीचा, हे तेथे लिहिलेले नसते. आणि मार्गदर्शक म्हणून त्याखाली सह्या आमच्याच आहेत.